दुधाच्या थाळीवरचं वर्तुळ

६ जानेवारी, सोमवार

पोचलो एकदाचे! टेम्पोवाल्याने सगळं सामान तासाभरात धडाधड उतरवलं, आईचं शिवणयंत्र मात्र स्वतःच्या आजीला उतरवावं तसं अलगद खाली ठेवलं. आईने तिथल्या तिथे त्याला आशीर्वाद दिला, लग्न झालंय का विचारलं आणि झालंय म्हटल्यावर जरा हिरमुसली. माझ्या लग्नाचा नाद सोडल्यापासून ती वाटेत भेटेल त्याचं लग्न जमवत असते. सत्तरी ओलांडली, पण खोड जात नाही.

कंपनीचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, नवा पिवळा रंग, नळाला धो धो पाणी. मागच्या खिडकीतून कारखान्याच्या चार उंच चकचकीत टाक्या दिसतात आणि वारा तिकडून आला की आंबलेल्या पिठाचा वास येतो. मी नाक मुरडलं. आई म्हणाली, वास चांगला आहे, शेजारी कुणीतरी कायम काहीतरी भाजायच्या बेतात आहे असं वाटतं.

आधीची कंपनी बंद पडल्यापासून दहा महिने घरी होते. बेचाळिसाव्या वर्षी मुलाखती देत फिरायचं म्हणजे अंगातलं पाणीच आटतं. आता सुटले. त्या आनंदात ही कातडी पुठ्ठ्याची वही काढली. बाबांनी दिलेली, इतकी वर्षं कोरीच होती.

९ जानेवारी, गुरुवार

काम नीट समजलं. टाक्यांमध्ये जिवाणू वाढवतात. त्यांच्या जनुकांत फेरफार करून ठेवलाय, त्यामुळे ते पोटापुरतं खातात आणि एक एन्झाइम बाहेर टाकत राहतात. ते प्रथिनं तोडतं. केस, नखं, लोकर, कातडं, सगळं. चामड्याच्या कारखान्यांना ते हवं असतं: कातड्यावरचे केस काढायला चुना आणि तिखट रसायनं वापरायची ती यापुढे लागणार नाहीत. चांगलं काम आहे. नद्या वाचतील.

अडचण एवढीच की आमचे जिवाणू आळशी आणि त्यांचं एन्झाइम नाजूक. गरम पाण्यात तासाभरात मान टाकतं. शिवाय स्वतः प्रथिनच असल्यामुळे स्वतःलाच खातं. मी त्याला जास्त पिकणारं आणि जास्त टिकणारं करायचं.

कारखान्याच्या प्रमुखांना पाठीमागे सगळे ‘आत्तासाहेब’ म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘आत्ताच’ने सुरू होतं. टाक्यांवर एक वयस्कर ऑपरेटर आहेत, टाकीकाका. एकतीस वर्षं त्याच जागी. फाटकावर हजेरीला अंगठा लावायचं यंत्र आहे, पण काका वहीत सही करतात. अंगठा दाखवला मला. रेषा नाहीत, घासलेल्या नाण्यासारखा गुळगुळीत. म्हणाले, ताई, एकतीस वर्षं या पाण्यात हात घातला, ते काय फुकट का?

२० जानेवारी, सोमवार

दिवस मार्गी लागला. आईचा उजवा खांदा आखडलाय, हात वर जात नाही. म्हणून सकाळी चहा झाला की मी तिचे केस विंचरते आणि वेणी घालते. कमरेपर्यंतचे केस, पांढरेशुभ्र, अजून दाट. माझ्यापेक्षा जास्त आहेत हे ती दर दोन दिवसांनी ऐकवते. मग मी कामावर, ती खिडकीत विणत बसते.

कामावर दिवसभर थाळ्या. बशीएवढ्या थाळीत दूध घातलेला पांढरा थर असतो, त्यावर जिवाणू पसरायचे. ज्याचं एन्झाइम बाहेर पडतं त्याच्याभोवतीचं दूध पचतं आणि पारदर्शक वर्तुळ उमटतं. वर्तुळ मोठं तो जिवाणू कामाचा. फेरफार करा, पसरा, उबेत ठेवा, मोजा, टाका. पुन्हा फेरफार. आज दीडशे थाळ्या मोजल्या. घरी येऊन ताटातल्या भाताभोवतीही वर्तुळ दिसलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हाती काही नाही. जास्त पिकतो तो टिकत नाही, टिकतो तो पिकत नाही. आत्तासाहेबांनी आत्ताच आकडे मागितले. दिले. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसला. बोलले असते तर बरं झालं असतं.

थकवा येतो तो झोपेने जात नाही. सकाळी उठते तीच दमलेली. आई म्हणाली, शास्त्रज्ञीणबाई, तुझे जिवाणू आळशी आहेत असं तूच म्हणतेस ना, मग त्यांना जरा आळस करू दे आणि तूही कर. हसले. पण बूट घातलेच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दोनशे बारा.

सकाळी उबेची पेटी उघडली आणि एक थाळी रिकामी आहे असं वाटलं. रिकामी नव्हती. मधे टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका आणि बाकी सगळी थाळी आरपार. वर्तुळ मोजायला कडाच उरली नव्हती. दोनशे बारावा नमुना. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

आनंदाने उड्या माराव्यात, तर खुर्चीत बसून राहिले. इतकी दमले होते की आनंद उशिरा पोचला, दुपारी जेवताना.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

टिकण्याची परीक्षा. साठ अंशांवर एक तास: जसंच्या तसं. ऐंशीवर: जसंच्या तसं. मग हट्टाने उकळलं. थंड झाल्यावर दुधाच्या थाळीवर एक थेंब टाकला आणि बोलत बोलत टाकीकाकांकडे वळले. परत पाहिलं तर थेंबाखालून टेबलाची फळी दिसत होती.

काका खूश झाले नाहीत. म्हणाले, ताई, उकळून मरत नाही ते धुऊन कसं जाणार? मी म्हटलं, काका, ते एन्झाइम आहे, भूत नव्हे. ते हसले, पण हात पुसत राहिले.

४ मार्च, मंगळवार

लहान टाकीत पहिली वाढ. दुपारी फेस चढला आणि वरच्या झाकणातून उतू आला. मी झडप बंद करायला धावले. हातमोजा कडेला अडकून फाटला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत फेसात. कोमट, साबणासारखा, छान वाटला खरं तर. दहा मिनिटं नळाखाली हात धरले. ना आग ना खाज.

उत्पादन पूर्वीच्या नऊपट. आत्तासाहेबांनी आत्ताच पेढे मागवायला हवेत असं म्हटलं आणि मागवले नाहीत.

८ मार्च, शनिवार

सकाळी फाटकावरच्या यंत्राने माझा अंगठा ओळखला नाही. पुसून लावला, दुसरा लावला, दहाही बोटं लावली. मागे रांग खोळंबली. शेवटी वहीत सही केली, काकांच्या सहीखाली.

प्रयोगशाळेत भिंगाखाली पाहिलं. बोटांवर एकही रेषा नाही. हात मऊ, गुलाबी, लहान मुलासारखे. दुखत काही नाही. काकांना दाखवले. त्यांनी माझा पंजा हातात घेतला आणि लगेच सोडला. म्हणाले, “ताई, माझ्या जायला एकतीस वर्षं लागली. तुमच्या चार दिवसांत गेल्या?”

  त्यांनी जाऊन हात धुतले. बराच वेळ धूत होते.

१० मार्च, सोमवार

आई लोकरीला शिव्या घालतेय. दुकानदाराने कुजकी लोकर दिली म्हणे, विणता विणता तुटते. शालही विरली आहे, दोन्ही टोकांना, तळहाताएवढी. तिने मला उजेडात धरून दाखवली. चार बोटं आणि अंगठा, अगदी नीट.

शालीची घडी रोज मी घालते.

१२ मार्च, बुधवार

काल कापसाच्या बोळ्याने दोन्ही हात पुसले आणि बोळा दुधाच्या थाळीवर फिरवला. साबणाने धुऊन दुसरी थाळी. स्पिरिटने पुसून तिसरी. सोसवेल तेवढ्या कढत पाण्यात धरून चौथी. आज सकाळी चारही आरपार. आणि रेघोट्यांवर बारीक ठिपके, रांगेने. म्हणजे नुसतं एन्झाइम नाही. ते स्वतःच आहेत, जिवंत, माझ्या हातांवर, फेसाच्या दिवसापासून.

मला का खात नाहीत? राहतं घर कोण मोडतं, म्हणून असेल.

आज किती ठिकाणी हात लावला ते आठवत बसले. दाराची कडी. नळ. बसचा दांडा. फाटकावरचं यंत्र – माझ्यामागे रोज सव्वाशे माणसं त्याच काचेवर अंगठा दाबतात. चार तारखेपासून.

आणि कंगवा. रोज सकाळी कंगवा.

१३ मार्च, गुरुवार

आईला विचारलं, डोक्याला खाज येते का. म्हणाली येते, आठवडा झाला, मानेलाही. सांगितलं का नाहीस? तर म्हणे तू दमून येतेस, त्यात माझी कटकट कशाला.

पदर बाजूला करून पाहिलं. हात न लावता. मान सोललेली. वेणी उशीखाली होती. अख्खी, मुळापासून सुटलेली, तिने घडी करून तिथे ठेवली होती, मला दिसू नये म्हणून. वर मलाच हसून म्हणाली की या वयात केस काय करायचेत, तेलाचा खर्च वाचला.

प्लास्टिकचे हातमोजे घालून जेवण वाढलं. तिने विचारलं, “माझी किळस येते का गं तुला?” काय सांगायचं होतं मी? सांगितलं सगळं. तिने ऐकलं. मग म्हणाली, “म्हणजे तू केलंस ते चांगलं झालं ना पण? जमलं ना तुला?”

जमलं, आई.

१४ मार्च, शुक्रवार

आईला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणतात भाजल्यासारखं दिसतंय, पण भाजलेलं वाढत नाही आणि हे वाढतंय.

तिथून आत्तासाहेबांकडे. थाळ्या टेबलावर मांडल्या आणि सगळं सांगितलं. काम थांबवा, यंत्र काढा, माणसं तपासा. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, मॅडम, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. आणि दोनशे बाराचे नमुने तर आत्ताच गेले, सोमवारी, तीन ठिकाणी. तिकडे मोठ्या टाक्या तयार आहेत. इतका टिकाऊ माल की पॅकिंगला बर्फसुद्धा लागला नाही, साध्या पाकिटातून गेला.

मी उठले. ते टेबलाला वळसा घालून आले आणि अभिनंदन म्हणून माझा हात धरला. हातमोजा निघालेला होता, मी मागे घेत होते. त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

१५ मार्च, शनिवार

काका आणि मी मिळून दोनशे बाराचं होतं नव्हतं ते सगळं वाफेच्या मोठ्या कुकरात घातलं. एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं. यात काहीही मरतं. कॉलेजात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तासभर.

थाळी आरपार. ठिपके रांगेने.

मग बॉयलरच्या भट्टीत टाकलं. जळून राख झालं तेव्हा कुठे थाळी पांढरी राहिली. आगीला हरतात. बरं वाटलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

काका जाताना लंगडत होते. बूट घालवत नाहीत म्हणाले. टाचेचं कातडं मोज्याबरोबर येतं. घरी कुणाला सांगितलेलं नाही.

१७ मार्च, सोमवार

बर्नरवर डाव्या हाताची करंगळी धरली. वीस मोजेपर्यंत. त्या बोटाची थाळी पांढरी.

कारखान्यात अकरा जण रजेवर. यंत्र तिथेच.

बाहेरून काचेतून आईला पाहिलं. पापण्या नाहीत, भुवया नाहीत. ओळखायला वेळ लागला. तिने मला लगेच ओळखलं.

१८ मार्च, मंगळवार

करंगळीलाही वर्तुळ. बाजूच्या बोटावरून आले असतील.

एका परिचारिकेची बोटं सोलली आहेत. त्या वॉर्डात आता कुणी जायला तयार नाही. डॉक्टरीणबाई स्वतः जातात, दोन-दोन हातमोजे घालून. मला म्हणाल्या, कुणाकुणाला हात लावला त्याची यादी द्या. लिहायला बसले. सत्तावीस नावांवर पान संपलं. पुढे बस होती. बसमधली नावं कुठून –

१९ मार्च, बुधवार

तिन्ही ठिकाणी फोन. दोन ठिकाणी उचलला. वाढ उत्तम आहे, तुमचे आभार. एके ठिकाणी फेस आला होता म्हणाले, पण पुसून घेतला. कशाने? हातानेच –

टाकीकाका गेले. त्यांच्या सुनेचा फोन. अंघोळ घालताना कातडं –  त्यांना भट्टीतच न्या, कुणी हात लावू नका, एवढं म्हटलं. तिला तो अपमान वाटला.

किती दमले आहे. भीती वाटायलाही ताकद लागते.

२० मार्च, गुरुवार

वहीचा पुठ्ठा बोटांना चिकटून आला. आता सुटी पानं. दोऱ्याने बांधली आहेत.

आई रात्रंदिवस जागी. डोळे मिटायला पापण्यांचं कातडं नाही. औषध लागू पडत नाही. एकच मागते आहे –

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आता तुम्ही हात लावल्याने त्यांचं आणखी काही बिघडणार नाही. एक-दोन दिवस. तुमचं तुम्ही ठरवा.

घरी आले. साबण. कशाला? सवय.

२१ मार्च, शुक्रवार, दुपार

आईजवळ बसले आहे. हातमोजे काढून. आत आले तशी म्हणाली, “आलीस? जेवलीस का?” आवाज तोच.

हात मागितला. दिला. डावा. उजव्याने लिहितेय, पानं गुडघ्यावर. तिने घट्ट धरला, किती दिवसांनी. म्हणाली, गार आहे गं तुझा हात, बरं वाटतं. लहानपणी तापात तूच माझा हात सोडायची नाहीस म्हणाली, आता माझी पाळी. मग खिडकीतल्या उन्हाबद्दल काहीतरी. मग नुसता श्वास.

दोन तास झाले. डॉक्टरीणबाई काचेतून पाहून गेल्या. आई शांत आहे. कण्हत नाही. मलाही खूप दिवसांनी शांत वाटतंय, खांदे उतरले आहेत, झोप येतेय –

श्वास लांबला. थांबला वाटतं. नाही. हो, थांबला.

हाक मारायला हवी. उठायला हवं. हात हळूच सोडवून घेतला – घ्यायला गेले – सुटत नाही. तिची बोटं तर सैल आहेत. मीच – दुखत नाही, अजिबात दुखत नाही, नुसतं ओलं आणि मऊ, आणि तिचं कातडं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं ते मला –